‘तो’ की ‘ते’? एका रीजन्सी कादंबरीचं प्रकरण

वकीलकाकांनी बाड परत दिलं तेव्हा त्यातल्या अर्ध्याअधिक पानांना हातही लागलेला नव्हता. प्रत्येक प्रकरणाच्या कडेला मी रंगीत पट्टी मारली होती, प्रेमकथेला गुलाबी आणि खुनाला राखाडी. कुठे काय चाललंय याचा हिशेब मलाच राहावा म्हणून. काका म्हणाले, “गुलाबी मी वाचलंच नाही. काही अडलं नाही बघ.”

चार दिवसांनी मावशीचा फोन. “अगं, छान जमलंय. ते कोरोनर-बिरोनर आलं की मी पानं उलटायचे, तेवढंच. लग्न झालं ना शेवटी, मग झालं तर.”

दोघांनाही कादंबरी आवडली होती, हे त्यातलं सगळ्यात वाईट. 38 प्रकरणं होती, 20 गुलाबी आणि 18 राखाडी. तराजू अगदी काट्यावर. आणि दोघांनी मिळून सिद्ध केलं होतं की मी दोन कादंबऱ्या एका पुठ्ठ्यात बांधल्या आहेत. त्या बाडाचं पुढे काय केलं ते इथे लिहिते आहे. असं काही लिहू पाहणारे माझ्या ओळखीतच तीनचार जण आहेत आणि सगळे त्याच पट्ट्या मारत बसलेत.

हातात काय होतं

रीजन्सी म्हणजे काटेकोरपणे 5 फेब्रुवारी 1811 ते 29 जानेवारी 1820. तिसरा जॉर्ज भ्रमिष्ट झाला आणि युवराजाने कारभार हाती घेतला, तो काळ. आपल्याकडे हीच दुसऱ्या बाजीरावाची शेवटची वर्षं. या काळाचं नाव काढलं की उंच कंबरेचे झगे, मेणबत्त्यांची झुंबरं आणि चहाच्या कपबशा डोळ्यांपुढे येतात. पण डिसेंबर 1811मध्ये लंडनच्या रॅटक्लिफ हायवेवर बारा दिवसांच्या अंतराने दोन घरांत सात माणसं मारली गेली, त्यात एक तान्हं मूल होतं. मे 1812मध्ये पंतप्रधान स्पेन्सर पर्सिव्हल यांना पार्लमेंटच्या लॉबीतच गोळी घातली गेली. खून या काळाला परका नाही. पोलीस मात्र परके आहेत, कारण लंडनला पोलीस दल मिळालं ते 1829मध्ये, आणि त्यात डिटेक्टिव्ह शाखा आली 1842मध्ये. त्याआधी गावचा कॉन्स्टेबल, रात्रीचा पहारेकरी, जमीनदारांपैकीच एक असलेला मॅजिस्ट्रेट, आणि खिशात पैसे असले तर लंडनच्या बो स्ट्रीटवरून मागवलेला ‘रनर’. रोजी एक गिनी, वर प्रवासखर्चाचे 14 शिलिंग.

माझी कथा जानेवारी 1814ची. विल्टशरमधली एक हवेली. 6 जानेवारीला, म्हणजे नाताळाच्या बाराव्या रात्री, तिथे नाच आहे. ही तारीख मी चंद्र बघून ठरवली. खेड्यापाड्यातले नाच लोक पौर्णिमेच्या सुमाराला ठेवत, कारण मध्यरात्रीनंतर बग्ग्या अंधाऱ्या रस्त्यांनी परत न्यायच्या असत. हिशेब केला तर त्या वर्षी पौर्णिमा 6 तारखेच्या आसपासच येते, आपली पौषी पौर्णिमा. त्याच महिन्यात तिकडे इतका बर्फ पडला की रस्ते बंद झाले. एवढं आयतं मिळालं की लेखकाला आपण हुशार आहोत असं वाटू लागतं.

हवेलीचा मालक सर एडमंड, अविवाहित. धाकटा भाऊ कॅप्टन रॉबर्ट, स्पेनमधल्या लढाईत पाय जायबंदी होऊन परतलेला. घरात एक काकू आहेत, आणि काकूंची पगारी सोबतीण हॅरिएट. पंचविशी उलटलेली, आईबाप नाहीत, हुंडा नाही. बाराव्या रात्री एडमंड मरतो. इस्टेट आणि ‘सर’ ही पदवी रॉबर्टकडे जाते. म्हणजे संशयही त्याच्याकडेच.

रॉबर्ट तरुणपणी असईच्या लढाईतही होता, 23 सप्टेंबर 1803. जालना जिल्ह्यातलं ते गाव मराठी वाचकाला दुसऱ्या बाजूने माहीत असतं, म्हणून मोह झाला. पहिल्या खर्ड्यात तो तापाच्या भरात मराठीत “पाणी” असं पुटपुटतो. काकांनी समासात फक्त उद्गारचिन्ह काढलं होतं. ते वाक्य गेलं.

दुखणं कुठे होतं

आधी मला वाटलं, प्रमाण चुकलंय. गुलाबी थोडं कमी करू, एखादं राखाडी प्रकरण वाढवू. दोन महिने मी पट्ट्या इकडच्या तिकडे केल्या. आवळ्या-भोपळ्याची मोट कशीही बांधली तरी एक बाजू सुटतेच.

खरं दुखणं निराळं होतं. नायकावरचा संशय कुणालाच खरा वाटत नव्हता. प्रेमकथेचा वाचक पहिल्या पानावरच एक करार करून बसतो, की या दोघांचं जमणार. मग नायक खुनी असूच शकत नाही. त्याच्यावर मी कितीही काळे ढग आणले तरी मावशी आरामात चहा पीत होती. आणि काकांना रहस्य हवं होतं, त्यांच्या यादीतून रॉबर्ट पहिल्या फटक्यात बाद. उरले चार संशयित, ज्यांना मी नीट वेळच दिला नव्हता, कारण गुलाबी पानांत सगळा उजेड रॉबर्टच्या खांद्यांवर पडलेला.

‘यानेच केलं असेल का?’ हा प्रश्न या प्रकारच्या कादंबरीत फुकट आहे. तो जितका ताणाल तितका पोकळ वाजतो. त्याच्या जागी निराळा प्रश्न हवा होता, ज्याचं उत्तर मावशीलाही माहीत नसेल.

दुसरं दुखणं मावशीनेच सांगितलं, नंतर, पोळ्या लाटता लाटता. “भाऊ मेलाय त्याचा. प्रेत अजून थंड दुधाच्या खोलीत ठेवलंय. आणि ही बया आरशापुढे?” मी पुस्तकातून मिळालेल्या झग्यांच्या माहितीचं एक अख्खं पान तिथे ओतलं होतं. शोकाचे नियम मला माहीत होते, वापरले मात्र कुठेच नव्हते. भावाच्या शोकात काळे कपडे असतात, नाच बंद, गाण्याच्या बैठका बंद. म्हणजे प्रेमकथेच्या नेहमीच्या सगळ्या जागा बंद. हे मला संकट वाटत होतं. पण दुसऱ्या खर्ड्यात त्या दोघांना भेटायला एकच निमित्त उरलं, खुनाची चौकशी. तीही दाराची फट उघडी ठेवून, बाहेर मोलकरीण उभी करून.

याच झटक्यात माझं सगळ्यात लाडकं प्रकरण उडालं. फेब्रुवारी 1814च्या पहिल्या आठवड्यात लंडनला थेम्स गोठली आणि बर्फावर जत्रा भरली. तशी जत्रा त्यानंतर कधी भरली नाही. गोठलेल्या नदीवर छापखाने मांडले होते, लोक आठवण म्हणून तिथे छापलेले कागद विकत घेत होते, हत्ती चालवला असंही सांगतात. मी दोघांना तिथे नेलं होतं. त्याने तिला आल्याचा केक घेऊन दिला होता. सतरा पानं. भाऊ जाऊन चार आठवडे झालेला माणूस जत्रेत! शिवाय ती सतरा पानं काढली तर खुनाचं काही हलत नव्हतं, आणि प्रेमाचंही नाही. ते प्रकरण आता एका निराळ्या फाइलमध्ये पडून आहे आणि मी कधीमधी जाऊन बघून येते.

विषाला वेळ नसते

पहिल्या खर्ड्यात एडमंडला पंच नावाच्या पेयातून सोमल, म्हणजे आर्सेनिक, दिला होता. कारण सोपं: या काळातलं विष म्हटलं की सोमल. उंदरांसाठी म्हणून कुणालाही मिळायचा, विक्रीवर कायदा आला तो 1851मध्ये. आणि माझा गावचा वैद्य दुसऱ्याच दिवशी काचेच्या नळीत काहीतरी उकळून “सोमलच आहे” असं सांगायचा. ज्या मार्श चाचणीच्या जिवावर तो हे बोलला असता ती 1836ची. माझा वैद्य बावीस वर्षं पुढे होता.

त्या काळात पुरावा म्हणून काय चालायचं ते बघायचं तर 1815चं एलायझा फेनिंगचं प्रकरण बघावं. लंडनच्या चान्सरी लेनमधली स्वयंपाकीण. मालकाच्या घरची माणसं तिने केलेले डम्पलिंग खाऊन आजारी पडली. ते तिने स्वतःही खाल्ले होते आणि तीही आजारी पडली होती. मेलं कुणीच नाही. कणीक फुगली नव्हती आणि सुऱ्या काळ्या पडल्या होत्या, हे सोमलाचं लक्षण म्हणून कोर्टात सांगितलं गेलं. उंदरांसाठी आणलेली सोमलाची पुडी घरच्या कचेरीतल्या खणात असायची. 26 जुलैला तिला फाशी दिली.

हे वाचून आधी वैद्य दुरुस्त केला. पण नंतर लक्षात आलं की वैद्य नव्हे, विषच चुकलंय, आणि ते प्रेमकथेच्या अंगाने चुकलंय. विषाला वेळ नसते. पंचमध्ये पुडी कुणी कधीही टाकावी. त्यामुळे रॉबर्ट त्या रात्री अमुक वेळी कुठे होता याला काही किंमतच राहत नाही. मग हॅरिएटच्या शब्दालाही किंमत राहत नाही. ती कादंबरीभर हळहळते, रडते, पण तिच्याजवळ द्यायला काही नाही. नायिकेच्या मुठीत काहीच नसेल तर ती नुसती प्रेक्षक. मावशीला जी ‘बया’ वाटली ती यामुळेच.

म्हणून विष गेलं आणि शेगडीची लोखंडी सळई आली. जागा हिशेबाची खोली, वेळ जेवणाआधीचे शेवटचे दोन नाच. तेव्हा जोडीदार एका वेळी दोन नाचांपुरता मिळायचा, साधारण अर्धा तास. त्या दोन नाचांत रॉबर्ट आणि हॅरिएट दोघंही दालनात नव्हते. शेजारच्या काचघरात, संत्र्यांच्या कुंड्यांमध्ये उभे होते. काय बोलले ते वाचकाला ठाऊक आहे. हातही धरलेला नाही. पण लग्न न झालेली, दुसऱ्याच्या घरात पगारावर राहणारी बाई अर्धा तास एका पुरुषाबरोबर अंधाऱ्या काचघरात होती एवढं कळलं तरी तिची नोकरी जाते, आणि पुढची मिळत नाही.

ती दालनातून सुटली कशी, तेही शिष्टाचारातूनच काढलं. एका गृहस्थाला तिने नाचाला नकार दिला, पाय दुखतो म्हणून. एकाला नाही म्हटल्यावर दुसऱ्याबरोबर नाचणं उद्धटपणा. म्हणजे तिला बसूनच राहणं भाग. आणि बसायच्या खुर्चीवर ती नव्हती. हे त्या नाकारलेल्या गृहस्थाच्या बरोबर लक्षात राहतं. राखाडी आणि गुलाबी पट्टी पहिल्यांदा एकाच वाक्याला मारावी लागली ती इथे.

आता प्रश्न बदलला. त्याने केलं का, हे नको. त्याला वाचवायला ती काय मोजणार? मावशीने चहा खाली ठेवला.

बायकोला कोर्टात तोंड नाही

तरीही मधली दीडशे पानं ढिली होती. ती बोलत का नाही एवढंच चाललं होतं, आणि असं मौन फार पानं पुरत नाही. “बोल की एकदाची” असं वाचकाच्या तोंडी आलं की संपलं.

वाट काकांनी दाखवली, सहज बोलता बोलता. चाळीस वर्षं जिल्हा कोर्टात काढलेला माणूस. म्हणाले, “तू त्यांचं लग्न खटल्याआधी लावतेस की नंतर?” मी म्हटलं, आधी, तुरुंगात जायच्या आदल्या दिवशी, फार हृद्य प्रसंग आहे. तुम्ही वाचला नाहीत.

“मग मेला तो,” काका म्हणाले.

तेव्हाच्या इंग्लिश कायद्यात फौजदारी खटल्यात नवरा-बायको एकमेकांच्या विरुद्ध साक्ष देऊ शकत नसत. बाजूनेही नाही. बायकोला स्वतःला मारहाण झाली असेल तर अपवाद, एरवी ती साक्षीदार म्हणून उभीच राहू शकत नाही. आपल्याकडे 1872च्या पुराव्याच्या कायद्यातल्या कलम 120ने आरोपीच्या नवऱ्याला किंवा बायकोला साक्षीला उभं राहू दिलं. इंग्लंडात ते सर्वसाधारणपणे 1898मध्ये आलं, म्हणजे सव्वीस वर्षांनी. काकांना हे सांगताना फार आनंद झाला होता.

म्हणजे हॅरिएट त्याच्याशी लग्न करेपर्यंतच त्याला वाचवू शकते. वेदीपुढे ‘हो’ म्हटलं की काचघरातला तो अर्धा तास कायद्याच्या दृष्टीने नाहीसा होतो.

मी रात्रभर जागी होते. कारण आता वाचकाला जे हवं आहे तेच नायकाला फासावर नेतं. मावशी ज्या लग्नाची वाट बघतेय ते लग्न झालं तर काका ज्या खटल्याची वाट बघतायत तो हरला. दोन्ही वाचकांना एकाच दोरीला, उलट्या बाजूंनी, बांधता येणार होतं.

पुढची पायरी तर हाताला आपोआप लागली. त्यांचं लग्न लवकर व्हावं म्हणून धडपडणारं एक मायाळू माणूस कथेत आधीपासून होतंच. अशी माणसं प्रेमकथेत असतातच, चहाला बोलावतात, दोघांना एकटं सोडतात, डोळे पुसतात. ते माणूस कोण ते इथे सांगत नाही, पुस्तक यायचं आहे. पण त्या माणसाला कायदा माहीत असेल तर? मावशी त्याला दुवा देत पुढे जाईल, आणि तीच पानं दुसऱ्यांदा वाचताना तिच्या अंगावर काटा येईल.

तारखांचा मेळ बसवायला आठवडा लागला. 1753च्या विवाह कायद्यानुसार एक तर लायसन्स काढायचं, नाहीतर चर्चमध्ये तीन रविवार लग्नाचा पुकारा करायचा. इन्क्वेस्ट, म्हणजे मृत्यू कसा झाला याची कोरोनर नावाच्या अधिकाऱ्यापुढची चौकशी, 11 जानेवारीला, बर्फामुळे उशिरा. पुकारे 16, 23 आणि 30 जानेवारीला. सॉल्झबरीचं असायझेस, म्हणजे फिरत्या न्यायाधीशांचं कोर्ट, मार्चमध्ये. म्हणजे लग्न खटल्याच्या कितीतरी आधी उरकतं. रस्ते मोकळे झाल्यावर बो स्ट्रीटचा रनर येतो. तो बोलता बोलता मोलकरणीला सांगतो की बायकोला कोर्टात तोंड नसतं, आणि हॅरिएट जिन्यावर ते ऐकते.

30 तारखेला चर्चमध्ये पाद्री दुसऱ्या एका जोडप्याचं नाव वाचतो आणि पुस्तक मिटतो. एवढंच. गावाने आधीच्या दोन रविवारी जी नावं ऐकली ती तिसऱ्या रविवारी नाहीत. आदल्या संध्याकाळी हॅरिएटने जाऊन पुकारा थांबवलाय. रॉबर्टला वाटतं, हिचाही आपल्यावर संशय बसला. ती त्याला कारण सांगत नाही, कारण आरोपीशी ठरवून केलेली साक्ष ज्युरी मानणार नाही. प्रेमकथेत दोघांची फाटाफूट व्हावी लागते, त्या जागेला मी पहिल्या खर्ड्यात एक गैरसमजाचं पत्र घातलं होतं. (तेही पाकिटात. तेव्हा पाकीट वापरत नसत. टपाल कागदांच्या संख्येवर आकारलं जायचं आणि पैसे पत्र घेणाऱ्याने द्यायचे, मग वेष्टणाचा जादा कागद कोण वापरणार?) आता पत्राची गरजच उरली नाही. फाटाफूट आणि चौकशीचं वळण हे एकच पान झालं.

इथे एक गोष्ट मराठीत लिहिताना नडली. भाऊ जाऊन महिना होत नाही तोच लग्न, हे तिकडच्या माणसाला खटकायला हवं, आणि त्या मायाळू माणसाची घाई वाचकाच्या नजरेच्या कोपऱ्यात टोचायला हवी. पण आपल्याकडे घरात कुणी गेलं की ‘वर्षाच्या आत कार्य उरकून घ्या’ म्हणतात. मावशीला त्या घाईत काहीच वावगं दिसलं नाही, उलट शहाणपण दिसलं. पुरावा डोळ्यांसमोर होता आणि आमच्या चालीरीतींनी त्यावर पांघरूण घातलं. शेवटी काकूंच्या तोंडी एक वाक्य घातलं, “काळ्या कपड्यांत लग्न? माझ्या आईने मला घरात घेतलं नसतं.” थोडं ठळक झालंय. इलाज नाही.

कारकुनाची दुरुस्ती

हे सगळं झालं तरी एक दुवा सुटा होता. त्या माणसाला कळलं कसं, की या दोघांत काही आहे आणि हॅरिएट साक्षीदार ठरू शकते? कुणीतरी चोरून बघितलं, पडद्यामागून ऐकलं, हे सगळं करून झालं होतं आणि सगळं शिळं लागत होतं.

इंग्लिशमध्ये अशा जागी नाव कामाला येतं. परक्या पुरुषाचा उल्लेख हुद्द्याने किंवा आडनावाने करायचा. बाईच्या तोंडून चारचौघांत त्याचं पहिलं नाव निसटलं की माना वळतात. मराठीत ते तितकं लागत नाही. पण आपल्याकडे त्याहून बारीक हत्यार आहे, आणि मी ते दोन खर्डे होईपर्यंत नुसतं शिष्टाचारासाठी वापरत होते.

इन्क्वेस्ट गावच्या खाणावळीत होते. तेव्हा तशीच व्हायची, गावात मोठी खोली तीच. कोरोनर चौदा मैल बर्फातून आलाय. चौकशीचे 20 शिलिंग आणि मैलाला 9 पेन्स, म्हणजे वर साडेदहा शिलिंग, हा हिशेब तो मनात करून बसलाय. ज्युरीतल्या माणसांना आधी प्रेत बघावं लागतं, कायदाच तसा आहे. ते हवेलीवर जाऊन, दुधाच्या खोलीतलं बघून परत आलेत, त्यांच्या बुटांचं पाणी जमिनीवर पसरलंय आणि ओल्या लोकरीचा वास बिअरच्या वासात मिसळलाय. हॅरिएटला उभं केलं जातं. ती शपथेवर खोटं सांगते, की मी वाचनालयात एकटी होते.

“आणि कॅप्टन कुठे होते, मिस?”

“तो जिन्यापाशी उभा होता. म्हणजे, ते. कॅप्टन. नंतर, सगळे धावले तेव्हा.”

कारकुनाने मान वर केली नाही. त्याने लिहिलं: कॅप्टन जिन्यापाशी उभे होते.

कागदावर काहीच राहत नाही. रनर नंतर जबान्या वाचतो तेव्हा त्याला तिथे ‘ते’ दिसतं, सभ्य आणि कोरडं. तो ‘तो’ ऐकला फक्त खोलीतल्या माणसांनी, आणि त्यातल्या एकाने लक्षात ठेवला. दुसऱ्या दिवसापासून चहाची बोलावणी सुरू होतात.

मावशीने हे पान वाचून “अगं बाई” म्हटलं. काकांनी त्याच ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि समासात लिहिलं: ‘कोण कोण हजर होतं? यादी दे.’ दोघांना एकाच ओळीत आपापलं मिळालं होतं. त्या दिवशी मी रंगीत पट्ट्या फाडून टाकल्या.

जे अजून नीट बसत नाही

तिने आधी शपथेवर खोटं सांगितलंय. मार्चमध्ये ती खरं सांगेल तेव्हा ज्युरी तिच्यावर का विश्वास ठेवेल? काका याच मुद्द्यावर अडून बसलेत, आणि बरोबर आहेत. त्यात आरोपीच्या वकिलाला तेव्हा ज्युरीपुढे भाषण करता येत नसे, तो हक्क 1836मध्ये मिळाला. तो फक्त प्रश्न विचारू शकतो. आरोपीने स्वतःची बाजू स्वतः मांडायची, तीही शपथेविना. त्यामुळे काचघराची गोष्ट तिच्या वतीने सुंदर शब्दांत कुणी सांगू शकत नाही. तुकड्यातुकड्यांनी, प्रश्नोत्तरांत, भरलेल्या कोर्टात तिनेच ती सांगायची. नाटक म्हणून हे उत्तम आहे, पण पुरावा म्हणून लंगडं. सध्या तिच्या मदतीला तो नाकारलेला गृहस्थ आणून ठेवलाय, रिकाम्या खुर्चीचा साक्षीदार. पुरेसा नाही. आणि हरलं तर अपिलाला वेळ नाही, खुनाच्या शिक्षेत निकालानंतर एक दिवस सोडून फाशी, मध्ये रविवार आला तर सोमवारी. पर्सिव्हलच्या मारेकऱ्याचा खटला शुक्रवारी झाला, सोमवारी तो फासावर होता.

रॉबर्ट आता ‘सर’ आहे खरा, पण बॅरोनेट म्हणजे लॉर्ड नव्हे, त्याचा खटला साध्या ज्युरीपुढेच. हे मी एका वाक्यात उरकलंय.

दुसरं, विसाव्या प्रकरणापासून पुढे रॉबर्ट तुरुंगात असतो आणि प्रेमकथा एकट्या हॅरिएटच्या खांद्यावर येते. मावशीला तो भाग लांबतो. मी आठ पानं कापली, अजून चार जातील.

तिसरा खर्डा प्रकाशकाकडे गेला आणि मुद्रितं परत आली गेल्या आठवड्यात. सॉल्झबरीच्या कोर्टात वकील तिला विचारतो, जेवणाआधीच्या दोन नाचांच्या वेळी आपण कुठे होता. ती आधी ज्युरीकडे बघते, मग पिंजऱ्याकडे, आणि या वेळी अजिबात न अडखळता म्हणते, “काचघरात. तो माझ्याबरोबर होता.”

मुद्रितशोधकांनी ‘तो’ला लाल गोल करून वर नीटनेटकं ‘ते’ लिहिलं होतं, आणि ‘होता’चं ‘होते’. समासात: ‘इतरत्र आदरार्थी आहे.’ मी पुन्हा ‘तो’ केलं आणि बाजूला लिहिलं, आहे तसं ठेवा.